विश्लेषण : पालावरच्या मुलांना शाळेत पत्ता कोणता लिहायचा?

शाळेच्या प्रवेश अर्जात नावाखालीच पत्त्याचा रकाना असतो. घर असलेल्या मुलासाठी ती एक ओळ असते. पालात, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडातील कोपीत राहणाऱ्या मुलाचे गाडे मात्र तिथेच अडते. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे जळगाव जिल्ह्याच्या सीमेजवळचे, स्वतंत्र पोलीस ठाणे असलेले गाव. अशा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाल पडले, की मुले त्या गावाची होतात का?

बेघर कोणाला म्हणायचे?

इमारतीत किंवा घरात न राहता रस्त्याकडेला, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत, देवळाच्या मंडपात किंवा फलाटावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. २०११च्या जनगणनेत देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार, तर महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार लोक आढळले. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. सहा महिने गावी आणि सहा महिने बाहेर राहणाऱ्या, किंवा नातेवाइकाच्या ओसरीवर दिवस काढणाऱ्या मुलांचे वर्ष अशा एका रात्रीच्या मोजणीत दिसत नाही.

मुलांच्या वाट्याला काय येते?

विदर्भातील शाळा जूनअखेर सुरू होतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बिऱ्हाड हलते आणि परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. दुसरे सत्र जवळपास पूर्ण बुडते. आई-वडील कामावर गेले, की लहान भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे आणि चूल पेटवणे मोठ्या मुलीकडे येते. पाऊस आला, की आधी पीठ वाचवायचे की दप्तर, हे पालात क्षणात ठरवावे लागते. रात्री अभ्यासाला दिवा नसतो आणि अंघोळीला आडोसा नसतो. 'इथून उठा' असे कोणी कधीही सांगू शकते, ही धास्ती मुलांनाही कळते. चौथीत बसलेल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, तेव्हा त्याला 'ढ' ठरवणे सोपे असते. पण त्याचे शिकणे कितीदा मोडले, हे कोणी विचारत नाही.

कागद कुठे अडतो?

भटक्या-विमुक्तांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या आजोबांचे आयुष्य गावोगावी फिरण्यात गेले, त्यांचा तेव्हाचा पुरावा नातवाने आणायचा कुठून? १८७१च्या कायद्याने यांतील अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाच्या नजरेतला संशय पूर्ण गेला नाही. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही आणि जागा नाही म्हणून घरकुल नाही, अशी ही साखळी आहे.

कायदा काय सांगतो?

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही किंवा बदलीचा दाखला मिळायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सत्राच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक आणि हंगामी वसतिगृहे आहेत. पत्रकामुळे नव्या शाळेला मुलाची शैक्षणिक स्थिती कळते, तर वसतिगृहामुळे आई-वडील बाहेर गेले तरी मूल गावीच शिकू शकते.

घर नसलेल्या मुलाला २०१५चा बाल न्याय कायदा 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' मानू शकतो. मात्र मुलाला कुटुंबापासून तोडून संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे तोच कायदा सांगतो. घर नाही म्हणून आई-वडील वाईट ठरत नाहीत.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत १९८७च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याने बेघरपणाची व्याख्या मुलांसाठी रुंद केली. रात्रीच्या मुक्कामाची निश्चित आणि पुरेशी जागा नसलेले, घर गेल्याने दुसऱ्याच्या घरी राहणारे मूलही त्यात येते. त्याला कागदांशिवाय प्रवेश मिळतो. कुटुंबाची जागा बदलली, तरी पूर्वीच्या शाळेत जाण्यासाठी वाहनाची सोय करावी लागते.

उपाय कुठून सुरू होतो?

यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्त कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. त्यासाठी गावाने जागा दाखवावी लागते आणि त्या कुटुंबांना आपले म्हणावे लागते. घर उभे राहायला वर्षे जातील. शाळेला मात्र तेवढे थांबण्याची गरज नाही. गावाबाहेर नवे पाल दिसले, की शिक्षकाने दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन मुलांची नावे लिहून घेणे कायद्यात बसते. पत्त्याच्या रकान्यात तूर्त शाळेचेच गाव लिहिले, तरी मुलाला वर्गात जागा मिळते.