सीटवर रेट की अख्ख्या बोटीवर? फी फी बेटावरच्या तीन तासांच्या फेरीचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता, माणशी रेट लावायचा की अख्ख्या सेवेचा एकच रेट लावायचा. व्हिडिओत आकडे फळ्यावर भरभर येतात आणि पुसले जातात, म्हणून तेच उदाहरण इथे निवांत मांडतोय. उदाहरण आहे थायलंडमधल्या फी फी बेटांवरच्या छोट्या बोटींचं. गाडी भाड्याने देणारे, होमस्टेवाले, फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, क्लास घेणारे आणि अर्थातच मालवण-तारकर्लीला बोट चालवणारे, सगळ्यांना यातून काहीतरी घेता येईल. आणि तुम्ही स्वतः तिकडे फिरायला जाणार असाल, तर बोट ठरवताना काय विचारायचं तेही कळेल.

आधी जागा समजून घेऊ

फुकेट आणि क्राबी यांच्या मधल्या समुद्रात फी फी बेटं आहेत. त्यातली दोन महत्त्वाची. फी फी दोन या मोठ्या बेटावर हॉटेलं, दुकानं आणि तोन्सायचा धक्का आहे. दक्षिणेला फी फी ले हे लहान बेट आहे. तिथे ना हॉटेल ना दुकान, सगळे उभे कडे. तोन्सायहून तिथे जायला साध्या बोटीने साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात.

ही बेटं चुनखडीची आहेत. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि हजारो वर्षं चुनखडी विरघळत राहते. आधी भेगा, मग पोकळ्या, मग गुहा. काही ठिकाणी छत कोसळतं, दरी तयार होते आणि समुद्राचं पाणी आत शिरतं. असं कड्यांनी वेढलेलं, एका अरुंद तोंडाने समुद्राला जोडलेलं पाणी म्हणजे लगून. फी फी लेवरचं पिले लगून असंच आहे. आत लाटा नाहीत, तळाशी पांढरी वाळू, त्यामुळे पाणी हिरवट-निळं दिसतं.

त्याच बेटावर व्हायकिंग केव्ह नावाची गुहा आहे. आत भिंतीवर जहाजांची जुनी चित्रं आहेत, त्यावरून हे नाव पडलं. पण पर्यटकांना आत जाता येत नाही, बोटीतूनच बघायचं. कारण तिथे पाकोळीच्या जातीचे पक्षी लाळेपासून घरटी करतात आणि ही घरटी चिनी सूपसाठी प्रचंड महाग विकली जातात. बांबूच्या परांच्यांवर चढून माणसं ती काढतात आणि हा हक्क ठेक्याने दिलेला असतो. (पाकोळ्यांची अशीच वसाहत आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर आहे. पण आपल्याकडे ही घरटी काढणं हा गुन्हा आहे.)

तिसरी जागा माया बे. त्याबद्दल पुढे बोलू.

बोट कशी असते?

लाँगटेल म्हणतात तिला. लाकडी, लांबट, पुढचं टोक उंच उचललेलं. मागे बहुतेक वेळा गाडीचं किंवा ट्रकचं डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि त्याला जोडलेल्या लांब दांड्याच्या टोकाला पंखा. ही 'लांब शेपटी' तांडेल हाताने वर उचलू शकतो. उथळ पाणी आलं की पंखा वर, बोट पुढे. इंजिन बिघडलं तर दुरुस्ती गावातला मेकॅनिक करू शकतो. भांडवल कमी, दुरुस्ती सोपी आणि मोठी स्पीडबोट जिथे जपून जाते तिथे ही सहज जाते. छोट्या धंद्याला साजेसं साधन आहे हे.

बोटीच्या नाळेला रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या दिसतात. बोटीचं रक्षण करणाऱ्या देवतेचा तो मान. त्यावर पाय ठेवायचा नाही. आपल्या कोळीवाड्यात होडीची पूजा होते, तसंच समजा.

आता हिशोब

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत. तिथला आजचा रेट धक्क्यावर विचारायचा.

समजा, तांडेल तीन तासांच्या फेरीचे १,८०० बात घेतो. डिझेल ३००, बोट आणि इंजिनच्या देखभालीसाठी बाजूला ३००, किरकोळ १००. खर्च ७००, हातात उरले १,१००. बोटीत दोघं बसोत की सहा जण, उरणारी रक्कम तीच.

आता हाच तांडेल माणशी ३०० बात घेऊन दहा सीट विकायला लागला तर?

- १० सीट भरल्या: ३,००० जमा, ७०० खर्च, २,३०० उरले.
- ६ सीट भरल्या: १,८०० जमा, १,१०० उरले.
- ४ सीट भरल्या: १,२०० जमा, ५०० उरले.
- २ सीट भरल्या: ६०० जमा, १०० चा तोटा.

पहिली ओळ बघून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण स्वतःला विचारा, दहा सीट वर्षातले किती दिवस भरतात? आणि त्या भरेपर्यंत बोट धक्क्यावर किती वेळ उभी राहते? सहाव्या सीटच्या खाली आलात की प्रायव्हेट फेरीपेक्षा कमी कमाई. शिवाय दहा जणांची वाट बघण्यात तास गेला की दिवसातली दुसरी फेरी हुकते.

सीटवाला धंदा वाईट नाही. फुकेटहून मोठ्या स्पीडबोटी तोच धंदा करतात, पण त्यांच्याकडे हॉटेलं, एजंट आणि ऑनलाइन बुकिंगची साखळी असते, म्हणून सीट भरतात. एकट्या तांडेलाने त्यांच्याशी सीटच्या रेटवर भांडायला जाऊ नये. तिथे तो हरणारच.

ग्राहकाच्या बाजूनेही बघा. दोघं असतील तर माणशी ९०० पडले. सहा जणांचं कुटुंब असेल तर माणशी ३००, म्हणजे सीटवाल्याइतकेच, आणि बोट आपली. त्यामुळे फलकावर नुसतं '१,८००' लिहू नका. 'अख्खी बोट, तीन तास, सहा जणांपर्यंत' असं लिहा. भागाकार ग्राहक मनातल्या मनात करतो.

आणि दोघंच आले, म्हणाले 'दादा, आम्ही दोघंच आहोत, कमी करा ना', तर? रेट सोडू नका, फेरी लहान करा. 'दोन तास, फक्त लगून आणि गुहा, १,४०० बात.' अंतर जवळपास तेच, डिझेल फारसं वाचत नाही, म्हणून रेट दोन तृतीयांश करता येत नाही. पण तुमचा एक तास मोकळा झाला, त्याचे ४०० कमी केले. कमी पैशात कमी सेवा हे ग्राहकाला पटतं. कमी पैशात तीच सेवा दिलीत, तर आधीचा रेट खोटा होता असं त्याला वाटतं.

ग्राहक नेमकं कशाचे पैसे देतो?

लगून कुणाच्या मालकीचं नाही. स्पीडबोटवालाही तेच लगून दाखवतो. मग लोक प्रायव्हेट बोट का करतात? कारण कधी निघायचं, कुठे किती थांबायचं आणि कुणासोबत जायचं, हे तिघंही निर्णय त्यांच्या हातात येतात.

फुकेटहून दिवसाच्या सहलीवर येणाऱ्या बोटींना समुद्र ओलांडावा लागतो. त्यामुळे त्यांची गर्दी बहुतेक मध्यसकाळी होते. फी फी दोनवर मुक्काम केलेला माणूस पहाटे निघाला, तर पिले लगूनमध्ये त्यांच्या आधी पोहोचतो. तोच कडा, तेच पाणी, पण शांत. त्या शांततेचे पैसे आहेत.

पण 'रोज सकाळी ६ वाजता' असं छापून मोकळं होता येत नाही, कारण भरती-ओहोटी मध्ये येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या ओहोटीला लगूनचं तोंड उथळ होतं आणि बोट आत नेणं अवघड होतं. म्हणजे गर्दीच्या आधीची वेळ आणि पुरेसं पाणी असण्याची वेळ, दोन्ही जुळवावं लागतं. कधी पहाट चांगली, कधी दुपारचे साडेतीन.

हे जुळवून देणारा तांडेल नुसता ड्रायव्हर राहत नाही. 'उद्या सकाळी पाणी कमी आहे, साडेआठला निघू, आधी गुहा बघू, मग लगून' असं सांगणाऱ्याशी ग्राहक रेटवरून घासाघीस करत नाही. तुमच्या धंद्यातही अशी एक माहिती असते, जी तुम्हाला रोजच्या सवयीची झालेली असते आणि ग्राहकाला अजिबात नसते. ती बोलून दाखवा.

जागाच दमली तर?

आता माया बे. २००० साली आलेल्या 'द बीच' या हॉलिवूड सिनेमाचं शूटिंग इथे झालं आणि जगभरातून लोक यायला लागले. पुढे दिवसाला पाच हजारांच्या घरात माणसं या एका छोट्या किनाऱ्यावर उतरू लागली. बोटींचे नांगर, वर्दळ आणि सनस्क्रीन यांनी प्रवाळाची वाट लागली. जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला. आधी चार महिन्यांसाठी म्हणून बंद केलेला किनारा उघडायला जानेवारी २०२२ उजाडलं.

साडेतीन वर्षं! कुठल्याही एका बोटवाल्याने काही चुकीचं केलं असं म्हणता येणार नाही. प्रत्येकाने फक्त 'अजून एक फेरी' मारली. पण सगळ्यांच्या अजून एका फेरीची बेरीज झाली.

आता तिथले नियम वेगळे आहेत. बोट खाडीत शिरत नाही, बेटाच्या मागच्या बाजूने उतरून चालत जायचं. एका तासाच्या खेपेला साधारण ३७५ माणसांची मर्यादा ठेवली गेली. पोहायला बंदी. शिवाय अलीकडे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनारा विश्रांतीसाठी बंद ठेवतात. बंदीच्या काळात काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत दिसू लागले, आणि आज लोक ते बघायला म्हणूनही येतात.

ज्या गोष्टीवर आपलं पोट आहे, ती किती ओझं सोसते हे मोजायला हवं. बोटवाल्यासाठी ती खाडी असेल. तुमच्यासाठी कदाचित तुमचं स्वतःचं शरीर, तुमची एकमेव मशीन किंवा तुमच्याकडचा एक चांगला कारागीर असेल.

'आज नाही' म्हणायची तयारी

फी फीचा चांगला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर तिकडेही नैर्ऋत्य मोसमी वारे, समुद्र खवळलेला. जुलै २०१८ मध्ये फुकेटजवळ वादळी समुद्रात पर्यटकांची एक बोट बुडाली आणि ४७ जणांचा जीव गेला. हा आकडा लक्षात ठेवा.

ॲडव्हान्स घेतलेला आहे, ग्राहक दूरवरून आलाय, रडकुंडीला येऊन म्हणतोय 'दादा, थोडंसंच जाऊन येऊ'. अशा वेळी नाही म्हणणं कठीण असतं, कारण नाही म्हटलं की १,८०० परत द्यावे लागतात. म्हणून हा निर्णय त्या क्षणावर सोडायचा नाही. बुकिंग घेतानाच सांगा: 'हवामान बिघडलं तर मी निघणार नाही. तुम्हाला दुसरा दिवस देईन किंवा पूर्ण पैसे परत.' आणि हंगामातल्या प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम याच कामासाठी बाजूला टाका. वरच्या हिशोबात १,१०० मधले १०० काढले, तर अठरा फेऱ्यांत एका रद्द फेरीचे पैसे उभे राहतात. गल्ल्यात ते पैसे असले की 'नाही' तोंडातून सहज निघतं.

तुम्ही फिरायला जाणार असाल तर

बोट ठरवताना एवढं विचारा:

१. रेट माणशी की बोटीचा? किती तास आणि किती जण?
२. राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी यात आहे का? बहुतेक वेळा ती वेगळी भरावी लागते.
३. उद्या भरती किती वाजता? आधी कुठे जायचं? (उत्तर पटकन आलं तर माणूस जाणकार.)
४. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का? मुलांच्या मापाची आहेत का? निघण्याआधी डोळ्यांनी बघा.
५. हवामानामुळे रद्द झालं तर पैशांचं काय?

तुमचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन ओळी लिहा. एक, तुमच्या 'अख्ख्या बोटी'चा रेट आणि त्यात नेमकं काय येतं. दोन, किती सीट भरल्या तर सीटवाला हिशोब त्याच्या पुढे जातो. तीन, कोणत्या परिस्थितीत तुम्ही काम घेणार नाही आणि तेव्हा ग्राहकाला काय द्याल.

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, लागू द्या. आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातलेच काही हिशोब फळ्यावर सोडवू.