डोक्याबाहेरून आतला ठाव

घरात कुणाला फिट आली की आपल्याकडे कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात. कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणून ताईत बांधायला सांगतो. हा मेंदूचा आजार आहे, एवढे आता बहुतेक घरांत माहीत झाले आहे. गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबतात. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांना औषध पुरेसे लागू पडत नाही. त्यांतल्या काहींसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो, आणि तिथे पहिला प्रश्न येतो : झटका मेंदूत नेमका सुरू कुठून होतो?

याचे उत्तर शोधण्याची एक वाट मेंदूच्या चुंबकीय क्षेत्रातून जाते. पेशींमधून वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतेच. मात्र एका पेशीचे क्षेत्र मोजता येत नाही. काही हजारांपासून पन्नासएक हजारांपर्यंत पेशी एकाच वेळी, एकाच दिशेने कामाला लागल्या तर डोक्याबाहेर काहीतरी जाणवते. तेही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत दहा कोटी ते शंभर कोटी पटींनी क्षीण! १९६८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कोहेन यांनी ते तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने प्रथम टिपले. पुढे स्क्विड नावाचे अतिसंवेदनशील सेन्सर आले. ते उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावे लागतात. या तपासणीला एमईजी म्हणतात.

खरी कसरत मोजून झाल्यावर सुरू होते. बंद दाराबाहेर उभे राहून आत भांडे पडल्याचा आवाज ऐकला, तर ते ओट्यावरून पडले की फळीवरून, हे कसे सांगणार? इथे तर सेन्सर तीनशेच्या आसपास आणि संशयित जागा हजारो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवून दिले होते की, बाहेरच्या मोजमापाशी जुळणाऱ्या आतल्या प्रवाहांच्या मांडण्या एक नव्हे, असंख्य असू शकतात.

म्हणून संगणक उलट बाजूने निघतो. रुग्णाच्या एमआरआयवरून डोक्याचे गणिती प्रारूप बांधतात. मग, 'प्रवाह इथे असता तर प्रत्येक सेन्सरवर किती क्षेत्र पडले असते?' हे हजारो जागांसाठी काढतात. ते प्रत्यक्ष नोंदीशी ताडतात आणि त्यात काही गृहीतके घालतात. उदाहरणार्थ, कमीत कमी प्रवाहात भागणारे उत्तर निवडायचे. हे गृहीतक सोयीचे आहे, पण त्याला एक खोड आहे : खोलवरचा उगम ते पृष्ठभागाकडे ओढते. त्यामुळे गणितात खोल जागांना जादा वजन द्यावे लागते.

एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या बाजूची. कवटीतून वीज सहज जात नाही, त्यामुळे ईईजीचे चित्र पसरट होते. चुंबकीय क्षेत्र कवटीतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येते. उलट, डोक्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात वाहणारा प्रवाह एमईजीला जवळपास दिसतच नाही. मेंदूच्या घडीच्या भिंतीवरचे दिसते, माथ्यावरचे निसटते. म्हणून डॉक्टर दोन्ही तपासण्या सोबत घेतात.

पडद्यावर लाल-पिवळा ठिपका दिसला की घरच्यांना वाटते, झाला फोटो! तो फोटो नव्हे. गृहीतकांवर काढलेला हिशेब आहे. सर्जन त्या जागी सुरी लावणार असतो, ती जागा बोलण्याची किंवा हाताच्या हालचालीची असू शकते. म्हणूनच एमआरआय, झटक्याचे व्हिडिओ-ईईजी आणि गरज पडल्यास डोक्याच्या आत बसवलेले इलेक्ट्रोड यांच्याशी तो ठिपका ताडून पाहतात. हे सगळे कुठे जुळते आणि कुठे नाही, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायला मुळीच संकोचू नये.

आपल्या देशात बंगळुरूच्या निमहान्समध्ये एमईजीची सोय आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विडवर आधारित यंत्रणा देशातच विकसित केली. तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. यंत्र डोक्यावर चुंबक लावत नाही, ते फक्त ऐकते. बाजारातल्या 'चुंबकीय' कड्या-पट्ट्यांशी याचा काडीचा संबंध नाही, हेही इथेच सांगून टाकू. आत जाताना ओढणीच्या सेफ्टी पिना, केसांचे आकडे, दागिने, धातूची बटणे काढून ठेवावी लागतात. एक पीनही नोंद बिघडवू शकते.

मुलांचे मात्र अवघड होते. हेल्मेट मोठ्या माणसाच्या मापाचे, त्यामुळे लहान डोके सेन्सरपासून दूर राहते. शिवाय मूल हलले की हिशेब चुकतो. यावर २०१८ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांच्या संशोधकांनी वेगळा उपाय दाखवला : लेसर आणि रुबिडियमच्या वाफेवर चालणारे छोटे सेन्सर, ज्यांना हेलियमची थंडी लागत नाही. ते थेट टाळूजवळ बसतात आणि डोक्याबरोबर हलतात. चुंबकीय क्षेत्रापासून राखलेली खोली त्यांनाही लागतेच. पण टोपी घातलेल्या माणसाला मान डोलावता येते, चहा पिता येतो आणि मोजणी चालू राहते.