पंचेचाळीसचा मोह

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की हॉस्टेलवर कोणीतरी म्हणतंच, "45 चे वेबर बसव, पॉवर वाढेल!" मला हे अर्धंच पटतं. 1963 ची लोटस कॉर्टिना घ्या. 1558 सीसी, 105 बीएचपी, आणि वेबरचे दोन 40 डीसीओई कार्ब्युरेटर. म्हणजे चारही सिलिंडरना स्वतंत्र नळी. हे 40 मिलिमीटर थ्रॉटलपाशी मोजतात. हवेचा वेग मात्र ठरवते आतली, बदलता येणारी व्हेंच्युरी. (वेबरवाले हिलाच चोक म्हणतात, थंडीत ओढतो तो चोक वेगळा!)

आता बर्नोली आठवा. 30 ऐवजी 36 मिमीची व्हेंच्युरी घातली, तर तेवढ्याच हवेचा वेग 31 टक्क्यांनी घटतो आणि पेट्रोल खेचणारा दाबातला फरक निम्म्याहून कमी होतो. वरच्या आरपीएमला इंजिनला भरपूर हवा मिळेल, खरंय. पण खालच्या आरपीएमला पेट्रोल नीट फवारलं जाणार नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळेल. सिग्नलवर हसं! रेसचा कॅमशाफ्ट असेल, इंजिन सतत 6000 च्या आसपास फिरणार असेल, तर मोठी व्हेंच्युरी जरूर घाला. रस्त्यावरच्या गाडीला मी 40 च ठेवीन, व्हेंच्युरी लहान, आणि वाचलेले पैसे जेट्सवर नि दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे जुळवून घेण्यावर घालवीन.