शेतमजूर ते सैनिक : अमेरिकेतील फिलिपिनो



दुसऱ्या महायुद्धाचा धडा पर्ल हार्बरपाशी आला की आम्ही शिक्षक फळ्यावर जपान आणि अमेरिका अशी दोन नावे लिहितो. त्याच वेळी फिलिपाइन्स या तिसऱ्या देशावरही हल्ला झाला होता, आणि त्या देशाचे हजारो तरुण अमेरिकेच्या शेतांत राबत होते, हे सांगायचे राहून जाते. म्हणून या अंकात त्यांची माहिती देत आहोत.

१८९८ साली स्पेनशी झालेल्या युद्धानंतर फिलिपाइन्स बेटे अमेरिकेच्या ताब्यात गेली. तेथील लोक अमेरिकेचे प्रजाजन ठरले, नागरिक नव्हेत. हा भेद नीट लक्षात घ्यावा, कारण पुढची सगळी हकीकत त्यावरच फिरते. प्रजाजन म्हणून त्यांना अमेरिकेत येण्यास मनाई नव्हती, पण मताचा हक्कही नव्हता. डिसेंबर १९०६ मध्ये १५ मजुरांची पहिली तुकडी हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत कामाला आली. १९२० नंतर कॅलिफोर्नियाकडे रीघ लागली. सॅलिनास येथे लेट्यूसची भाजी, स्टॉक्टनजवळ शतावरीचे कोंब, उन्हाळ्यात अलास्कातील मासे डबाबंद करण्याचे कारखाने, असे हंगामाप्रमाणे हे लोक हिंडत. बहुतेक एकटे, अविवाहित. पुढील पिढी त्यांना ‘मानोंग’ म्हणू लागली, म्हणजे थोरला भाऊ. आपण ‘दादा’ म्हणतो तसेच.

बाहेरच्यांनी मात्र त्यांना असा मान दिला नाही. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनविल गावी गोऱ्यांच्या जमावाने कित्येक दिवस फिलिपिनोंवर हल्ले केले. फर्मिन टोबेरा हा २२ वर्षांचा मजूर गोळी लागून ठार झाला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने गोऱ्यांशी त्यांचे विवाह कायद्याने बंद केले. १९३४ च्या कायद्याने फिलिपाइन्सला दहा वर्षांनंतरच्या स्वातंत्र्याचे वचन मिळाले खरे, पण त्याच कायद्याने हे मजूर परदेशी ठरले आणि नव्याने येणाऱ्यांची संख्या वर्षाला ५० वर आणली गेली. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले, असे आम्हांस वाटते.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरनंतर काही तासांतच जपानी विमानांनी फिलिपाइन्सवर बॉम्ब टाकले. मायदेशासाठी लढायला हे मजूर सैन्यभरतीला गेले, तर नागरिक नाहीत म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले! नियम लवकरच बदलावा लागला. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिनोंची वेगळी पलटण उभी राहिली आणि जुलैत सॅलिनास येथेच, जिथे ते भाजी खुडत होते त्या गावी, तिची पहिली फिलिपिनो पायदळ रेजिमेंट झाली. त्याच वर्षअखेर दुसरी रेजिमेंटही निघाली.

२० फेब्रुवारी १९४३ रोजी कॅम्प बील छावणीत सुमारे १,२०० सैनिकांना एकाच समारंभात नागरिकत्व देण्यात आले. तरी जवळच्या मेरीसविल गावातील उपाहारगृहे गणवेशातील या सैनिकांना वाढायला तयार नव्हती. त्यांचे कर्नल ऑफली यांनी गावच्या व्यापारी मंडळींना खडसावले, तेव्हा कुठे फरक पडला. विवाहबंदी कायमच होती. मग सैनिक आपल्या वाग्दत्त वधूंना बसने न्यू मेक्सिको राज्यातील गॅलप गावी नेत आणि लग्न लावून छावणीत परतत.

१९४४ मध्ये त्यांना न्यू गिनीला पाठवण्यात आले. तेथील भाषा व मुलूख जाणणाऱ्या काहींना निवडून पाणबुडीतून गुप्तपणे फिलिपाइन्सच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. जपानी हालचालींच्या बातम्या ते बिनतारी यंत्राने कळवीत. १९४५ मध्ये रेजिमेंट लेटे व समार बेटांवर लढली. कित्येकांना मायभूमीचे दर्शन अनेक वर्षांनी घडले ते असे, हातात बंदूक घेऊन. काहींनी तेथेच लग्ने केली आणि पत्नीला अमेरिकेत नेले.

सैन्यात नसलेल्या फिलिपिनोंना नागरिकत्वाचा मार्ग जुलै १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायद्याने खुला झाला. पालकांना विशेष वाटेल ते हे की, अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांनाही हा हक्क त्याच कायद्याने मिळाला. नव्याने येणाऱ्यांसाठी दोन्ही देशांना वर्षाला प्रत्येकी १०० जागा ठेवल्या होत्या.