दलममध्ये गेलेल्या पोराचं वय कोण सांगणार?

बाजारात बैल घ्यायचा तर गिऱ्हाईक आधी त्याचे दात बघतो. वय कळल्याशिवाय सौदा होत नाही. पण गडचिरोली आणि पलीकडच्या बस्तरच्या जंगलपट्ट्यात ज्या पोरांच्या खांद्यावर बंदूक आली, त्यांचं वय कुणी विचारलं नाही आणि ते सांगणारा कागदही बहुतेकांच्या घरात नव्हता. नक्षलवादी चळवळीला आता उतरती कळा लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तेव्हा हा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

भरती कशी होई?

पोरगं एकदम दलममध्ये जात नसे. त्याला पायऱ्या होत्या. छत्तीसगडमधील परिस्थितीवर ‘ह्युमन राइट्स वॉच’ या संस्थेने २००८ साली अहवाल काढला. त्यानुसार सहा ते बारा वर्षांची मुले ‘बाल संघम’मध्ये घेतली जात. गावात पोलिस आले की खबर द्यायची, हे त्यांचं काम. गुरामागे रानात फिरणाऱ्या पोराचा संशय कोण घेणार? बारा वर्षांपुढची मुले नाट्य मंचात, संघममध्ये किंवा दलममध्ये जात. गाणी आणि ढोल यांच्या जोडीला हत्यार चालवायचं शिक्षणही मिळे. स्वतः माओवादी संघटनेने किमान वय सोळा ठरवले होते. म्हणजे त्यांचा नियम पाळला तरी पोरगं अल्पवयीनच!

काही पोरं गाण्याला आणि गणवेशाला भुलून गेली, काही घरच्या गरिबीला कंटाळून. पण सगळीच राजीखुशीने गेली नाहीत. झारखंडच्या गुमला जिल्ह्यात २०१५ साली माओवाद्यांनी गावामागे पाच मुले मागितल्याची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालात आहे. हातात बंदूक असलेल्याला ‘नाही’ म्हणणे बापाला सोपे नसते. त्यातून पोरगं आत गेलं की घर दोन्हीकडून भरडलं जातं. इकडे पोलिसांचा ससेमिरा, तिकडे परत आलं तर ‘खबऱ्या’ ठरून जिवाला धोका.

दुसरी बाजूही कोरी नाही. छत्तीसगडात २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाले आणि आदिवासी तरुणांना विशेष पोलिस अधिकारी म्हणून घेतले गेले. त्यात अठराच्या आतली पोरंही होती. ती चुकून घेतली गेली, असे पोलिस अधिकाऱ्यांनीच नंतर मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये नक्षलविरोधी कामासाठी अशा नेमणुका करणे घटनाबाह्य ठरवले. गावातल्या शाळेचेही हाल झाले. सुरक्षा दले शाळेत मुक्काम करीत आणि नक्षलवादी शाळेच्या इमारती उडवून देत. शाळा गेली की पोरगं रिकामं आणि रिकामं पोरगं आयतंच सापडतं.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८३ नुसार सरकारने अतिरेकी म्हणून जाहीर केलेल्या संघटनेने अठरा वर्षांखालील मुलाला भरती केले किंवा कोणत्याही कामाला लावले, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. ‘कोणत्याही कामाला’ हे शब्द महत्त्वाचे. नुसती चिठ्ठी पोहोचवायला लावली तरी तो गुन्हाच. सशस्त्र संघर्षाची झळ बसलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल होय, असे हाच कायदा सांगतो.

आता खरी मेख पाहा. हे संरक्षण मिळते ते वय सिद्ध झाले तर. पोराबद्दल शंका आली तर कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्या फरकात सतरा वर्षांचं पोरगं एकोणीसचं ठरून थेट तुरुंगात जातं.

आज तिशीत असलेला, हत्यार टाकून आलेला माणूसही ‘घटनेच्या दिवशी मी अठराच्या आत होतो’ हा मुद्दा कोर्टात कोणत्याही टप्प्यावर मांडू शकतो. पण आधार कशाचा? गावच्या जुन्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर! वाळवीने खाल्लेलं ते रजिस्टर कुणाच्या तरी आयुष्याचा निकाल लावू शकतं.

गावाने काय करावे?

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करून घ्यावी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, हे ग्रामसेवकांनी पाड्या-टोल्यांवर जाऊन सांगावे. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या वह्यांशी नोंदी ताडून पाहाव्यात. घरी झालेली बाळंतपणं सुटतात ती इथेच.

गुरुजींनी जुनी रजिस्टरं कोरड्या जागी, कुलपात ठेवावीत. शाळेत पटावर नाव आहे पण पोरगं महिनाभर दिसलं नाही, तर घरी जाऊन चौकशी करावी. सहा ते चौदा वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवण्याची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे.

संकटातील मुलासाठी १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. जिल्ह्याची बाल कल्याण समितीही दाद घेते. गाव बाल संरक्षण समिती कागदावरच असेल तर सरपंचांनी तिची बैठक लावावी.

आणि परत आलेल्या पोराला ‘नक्षल्या’ म्हणून हिणवू नये. नेलं तेव्हा ते लहान होतं. ते लहान होतं हे सांगणारा कागद द्यायचं काम आपल्या ग्रामपंचायतीचं आणि शाळेचं आहे.