खारी वाळू ऐकणारं यंत्र

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, सेबॅस्चनच्या आसपास, वादळ येऊन गेलं की झुंजूमुंजू व्हायच्या आत पुळणीवर माणसं उतरतात. कानाला हेडफोन, एका हातात मेटल डिटेक्टरची दांड्याला लावलेली कॉइल, दुसऱ्या हातात भोकाभोकांचं पोलादी खोरं. १७१५ च्या जुलैअखेरीस हवानाहून स्पेनला निघालेल्या ताफ्यातली अकरा जहाजं वादळात सापडून या किनाऱ्याजवळ बुडाली. लाटांनी वाळू खरवडून नेली की त्यातलं एखादं चांदीचं नाणं अजूनही वर येतं. घरं बांधणाऱ्या किप वॅग्नरला इथे पूर्वी अशी नाणी मिळू लागली, तेव्हा त्याने लष्कराने मोडीत काढलेलं डिटेक्टर आणून शोध सुरू केला. पुढे त्यातून मोठा खजिना निघाला.

आता यंत्रं बरीच सुधारली आहेत. तरी दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: किती खोल जातं? ओल्या वाळूसाठी हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की मिठाकडे कानाडोळा करताना हे यंत्र आणखी कशाकडे कानाडोळा करतं?

कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठवतं, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र ऐकतं. गोड्या मातीत हे छान चालतं. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते पाणीही वीज वाहतं. धातूच्या मानाने फारच कमी. पण अंगठी नखाएवढी आणि ओली वाळू पसरलेली दूरवर. यंत्राला तो सगळा पट्टाच एक पातळ पत्रा वाटतो. शिवाय मिठाचा हा आवाज नेमका चॉकलेटच्या चंदेरी कागदासारखा, म्हणजेच सोन्याच्या नाजूक साखळीसारखाही. मीठ गाळायला गेलं की साखळीही गळते.

त्यात वाळू काळी असेल तर आणखी पंचाईत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे काळे पट्टे दिसतात, तशा वाळूतलं मॅग्नेटाइट लोखंडाच्या बाजूने बोलतं. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला मीठ आणि काळी वाळू यांपैकी एकाचीच समजूत घालता येते. मीठ गप्प केलं की काळी वाळू ओरडते, तिला दाबलं की मीठ. कोरड्या वाळूवर शहाण्यासारखं वागणारं स्वस्त यंत्र ओल्या रेषेवर पाऊल पडताच किंचाळू लागतं ते यामुळे. ते बिघडलेलं नसतं, हे नवख्याला पटवणं कठीण.

यावर दोन वाटा आहेत. पहिली पल्स इंडक्शनची. हे यंत्र विजेचा झटका देतं, थांबतं, मग कान लावतं. मिठाच्या पाण्यातले प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विझतात, जाडजूड अंगठीतले रेंगाळतात. दहा-पंधरा मायक्रोसेकंद दम धरला की मीठ आपोआप बाद. गॅरेटचं ‘सी हंटर’ या जातीचं. काळ्या वाळूतही डगमगत नाही. पण पातळ साखळीतला प्रवाहही लवकर विझतो, म्हणून ती निसटू शकते. आणि लोखंड-सोनं यातला फरक या यंत्राला जवळजवळ कळत नाही. गंजका खिळा दिसला तरी कपाळाला आठी न घालणाऱ्या माणसानेच ते घ्यावं.

दुसरी वाट अनेक फ्रिक्वेन्सींची. ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅबचं ‘एक्सकॅलिबर’ या वाटेवरचं जुनं, दणकट यंत्र. त्याला पडदा नाही, आकडे नाहीत. हेडफोन कायमचा जोडलेला आणि कानात फक्त सूर. एक्सकॅलिबर-२ साधारण ६६ मीटर पाण्याखाली चालतं. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मीठ आणि धातू वेगवेगळं उत्तर देतात, त्या फरकावरून यंत्र मीठ वजा करतं. त्याच कंपनीच्या ‘इक्विनॉक्स ८००’मध्ये किनाऱ्यासाठी दोन वेगळे मोड आहेत: एक वाळूसाठी, दुसरा लाटांसाठी. दुसऱ्यात ताकद मुद्दाम कमी केलेली असते, कारण खाऱ्या पाण्यात जास्त ओरडलं की पडसादही जास्त. ते ३ मीटरपर्यंत जलरोधक आहे. पहिलंच यंत्र घेणाऱ्याला मी असंच अनेक फ्रिक्वेन्सींचं सुचवेन. त्याचा पडदा मात्र भुलवतो. सोन्याची अंगठी आणि जुन्या कॅनची ओढून काढायची ॲल्युमिनियमची कडी पुष्कळदा एकच आकडा दाखवतात. कड्या गाळणाऱ्याने अंगठ्याही गाळल्या. आपल्याकडे सोनारांच्या दुकानातली धूळ धुणारे झारेकरी काही निवडत बसत नाहीत, सगळीच धुतात.

यंत्र हाती आल्यावर हिशोब पंचांगाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सर्वांत दूर जाते, एरवी पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडते. कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून, एकाच उंचीवर, पाण्याच्या रेषेला समांतर फिरवायची. त्या रेषेला आडवी फिरवली की कोरडं-ओलं बदलत जातं आणि सूर चळतो. परतणारी लाट कॉइलवरून गेली की हेडफोनात कण्हल्यासारखा आवाज येतो. संवेदनशीलता दोन घरं खाली आणायची, हट्ट करायचा नाही. मग खोरं घालायचं, उपसायचं, खड्ड्यावर पुन्हा कॉइल धरायची. सूर गेला असेल तर वस्तू खोऱ्यात आहे. तो तसाच असेल तर घाई करावी, ओल्या वाळूच्या कडा ढासळायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, दांड्याच्या सांध्यातली रेतीसुद्धा.

कोकणात हे यंत्र चालवायचं तर एक गंमत आहे. लोखंड गाळणारी यंत्रं परदेशी नाण्यांवर घडली आहेत. आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची, चुंबकाला चिकटणारी. लोखंड बंद करून फिरलात तर पर्यटकांची चिल्लर पायाखालून निघून जाईल. आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा म्हणतो, जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू दहा रुपयांहून अधिक किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. तो आकडा तेव्हापासून तसाच आहे.