पावसात बाईक चालूच होईना?

लायन्स पॉइंटवर तासभर भिजलेली गाडी सुरू होत नसेल, तर आधी किल स्विच आणि साइड स्टँड पाहा. हसू नका, रविवारच्या गर्दीत त्या लाल बटणाला कुणाचा तरी हात लागतोच. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक आणि हेडलाइट मंद? बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिचे टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहेत. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली सेल्फची फारशी आशा धरू नका. मीटरवर एकही दिवा लागत नसेल, तर मुख्य फ्यूज तपासा. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद गुंडाळण्याचा जुगाड वायरिंग जाळतो.

इंजिन फिरतं पण पेटत नाही, तेव्हा मावळातल्या पावसात पहिला संशय प्लगच्या कॅपवर. चावी बंद करून कॅप काढा, आतलं पाणी कोरड्या फडक्यानं टिपा.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतांशी फ्युएल इंजेक्शन असतं. चावी फिरवताच टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो. तो गप्प राहिला, तर खंडाळ्याच्या उतारावर ढकलूनही गाडी बहुधा पेटणार नाही.